यादी आधी, दुकान नंतर

मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या जिन्याखाली महिन्यातल्या एका रविवारी धान्याची पोती उतरायची. मुंबई ग्राहक पंचायतीचा आमचा संघ बारा-तेरा घरांचा. पोत्याची शिवण सोडवायची, तांदूळ-डाळ तोलायची, ज्याच्या त्याच्या पिशवीत भरायची, ही सगळी कामं घरातलीच माणसं करत. खाली सांडलेले दाणे वेचायचं काम आम्हा मुलांकडे. पिशव्या जाड कापडाच्या, आणि प्रत्येकीवर शाईने आडनाव लिहिलेलं. तांदळावर कुणाचंच नाव नसे. नाव असे ते पिशवीवर, खाणाऱ्या घराचं.

ही संस्था १९७५ साली उभी राहिली. बिंदुमाधव जोशी आणि गायक-संगीतकार सुधीर फडके तिच्या उभारणीत होते. विलेपार्ल्यात कूपर रुग्णालयाच्या मागे तिचं ग्राहक भवन आहे. शेजारच्या घरांनी एकत्र येऊन घाऊक खरेदी करायची आणि माल आपसात वाटून घ्यायचा, या साध्या कल्पनेवर उपनगरांतल्या हजारो मराठी घरांचा महिना चालत आला. लोक पंचायतीला चांगल्या आणि रास्त भावाच्या धान्यासाठी ओळखतात. तिच्यातली खरी मोलाची गोष्ट मला मात्र फार उशिरा उमगली. ती म्हणजे यादी. मागणी आधी नोंदवावी लागे. आई दुपारी जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरात बसून एकेक डबा उघडायची, आत हात घालून तूरडाळ किती उरली ते बघायची आणि मग कागदावर आकडा लिहायची. काय घ्यायचं हे ठरायचं ते घरात, रिकाम्या डब्याकडे बघून. समोर दुकान नसे, दिवे नसत, विक्रेता नसे.

आता आपण याच्या नेमकं उलट करतो. २००४ साली अंधेरीच्या लिंक रोडवर इन्फिनिटी मॉल सुरू झाला, २००९ साली घाटकोपरला आर सिटी आला. आज फिरायला म्हणून मॉलमध्ये जायचं आणि काय हवं ते तिथे गेल्यावर ठरवायचं, ही रविवारची रीत झाली आहे. फोन तर मॉलपेक्षा जवळ. बोरिवलीहून सुटलेली लोकल अंधेरीला पोचेपर्यंत तीन जाहिराती बघून एक बूट मागवून होतो. आधी वस्तू दिसते, मग ती हवीशी वाटते, मग पैसे कुठून आणायचे याचा विचार. हा क्रम उलटा आहे आणि उपनगरातली किती तरी चांगली कमावती घरं त्याच्यापायी महिन्याच्या वीस तारखेला अडतात. हा लेख अशा घरांसाठी आहे. चांगल्या वस्तू वापरू नका असं मला मुळीच म्हणायचं नाही. मिरवण्यासाठी घेतलेली वस्तू पुढच्या पगारातून घेऊ नका, एवढंच म्हणायचं आहे, आणि ते कसं जमवायचं ते सांगायचं आहे.

पहिलं काम हिशेबाचं. वस्तूची किंमत आपण पगाराशी ताडून बघतो, तिथेच चुकतं. एक उदाहरण मांडतो. बोरिवलीत राहणारं जोडपं, दोघं नोकरीला, हातात मिळून ९५,००० रुपये येतात. घराच्या कर्जाचा हप्ता ३८,०००. सोसायटीचा मेंटेनन्स ४,५००. मुलाची शाळा आणि क्लास ११,०००. किराणा, दूध, भाजी, गॅस १६,०००. वीज, फोन, इंटरनेट ४,५००. आई-वडिलांची औषधं ४,०००. लोकल, मेट्रो, रिक्षा ४,०००. विम्याचे महिन्याला ३,०००. बेरीज ८५,०००. उरले १०,०००.

आता ७९,९०० रुपयांचा फोन घ्या. आयफोन १६ ची सुरुवातीची किंमत हीच होती, आणि २० सप्टेंबर २०२४ ला तो विक्रीला आला तेव्हा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या दुकानाबाहेर लोक रात्रीपासून रांगेत उभे होते. पगाराशी ताडलं तर हा फोन महिन्याभराच्या कमाईच्याही आतला वाटतो. उरणाऱ्या पैशाशी ताडला तर तो आठ महिन्यांचा आहे. त्या आठ महिन्यांत गणपतीला गावी जाणं आलं, दिवाळी आली, कुणाचा तरी ताप आला, पाण्याच्या पंपाची जादा वर्गणी आली. नऊ हजारांचे बूट म्हणजे अर्धा पगार नाही, पाव पगार नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. पण ते आहेत सत्तावीस दिवसांची सगळी शिल्लक. तुमच्या घरचा हा ‘उरतात’ आकडा आज रात्री काढा. गेल्या तीन महिन्यांचं बँकेचं विवरण समोर ठेवलं तर अर्धा तास लागतो. नवरा-बायकोने एकत्र बसून काढला तर उत्तम, कारण बऱ्याच घरांत हा आकडा दोघांच्या डोक्यात वेगवेगळा असतो.

दुकानात मात्र कुणी किंमत सांगतच नाही, हप्ता सांगतात. ‘महिन्याला फक्त ६,६६७, सर.’ यावर विचारायचे प्रश्न असे: किती महिने? एकूण किती भरायचे? आणि आत्ता सगळे पैसे रोख दिले तर कितीला द्याल? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा, कारण ‘नो कॉस्ट ईएमआय’चं सारं काम त्याच्या उत्तरात दडलेलं असतं. समजा फोन ८०,००० चा आणि हप्ते १२. बँक फुकट पैसे देत नाही. १६ टक्के दराने धरलं तर या व्यवहारात साधारण साडेसहा हजार रुपये व्याज असतं. तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार किमतीत देतो आणि बँक तेच व्याज म्हणून तुमच्याकडून घेते, म्हणून बेरीज ८०,००० च दिसते. पण त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी तुमच्या कार्डावर चढतो, म्हणजे अकराशे-बाराशे रुपये. वर प्रोसेसिंग फी. आणि रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट अनेकदा तुम्हाला मिळत नाही, ती व्याजातच जिरलेली असते. शून्य टक्के व्याज ही कल्पनाच अस्तित्वात नाही, असं रिझर्व्ह बँकेने १७ सप्टेंबर २०१३ च्या परिपत्रकात बँकांना स्पष्ट बजावलं होतं. नाव बदललं, पाटी बदलली. गणित तेच राहिलं.

बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून वैयक्तिक कर्ज घेत असाल तर १ ऑक्टोबर २०२४ पासून त्यांना तुम्हाला एक ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ द्यावंच लागतं. त्यात सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. सही करण्याआधी तो आकडा शोधा आणि वहीत उतरवून घ्या. ॲपवरून कर्ज घेऊन चूक झाली असं वाटलं, तर घेतल्यावर लगेचच्या छोट्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. ही मुदत किती ते त्याच कागदावर असतं. फार थोड्या लोकांना हे माहीत आहे, म्हणून मुद्दाम सांगतो.

क्रेडिट कार्डाबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे, कारण मी ते भोगलं आहे. नवीन घराच्या वास्तुशांतीला पाहुणे येणार म्हणून मी भिंतभर टीव्ही घेतला, कार्डावर. जुना चांगला चालत होता. बिल आलं तेव्हा त्यावर ‘किमान देय रक्कम’ छापलेली होती, ती भरली आणि भरत राहिलो. चौदा महिने. त्याच दरम्यान आई न्हाणीघरात घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेसाठी आगाऊ रक्कम भरायची होती आणि कार्डाची मर्यादा टीव्हीनेच अडवलेली. रात्री अकराला भावाला फोन केला. त्याने एका शब्दाने काही विचारलं नाही, पैसे पाठवले. पण आईला खाटेवर वेदनेत बघत उभं असताना मला पैसे मागावे लागले, ते त्या टीव्हीसाठी, हे मी विसरू शकलेलो नाही.

त्या वेळी मला ठाऊक नसलेलं गणित असं आहे. कार्डावर ६०,००० थकले आणि व्याज महिना साडेतीन टक्के असलं, तर महिन्याचं व्याज २,१००. त्यावर जीएसटी ३७८. तुम्ही ३,००० रुपये भरले, म्हणजे ५ टक्के, तर मुद्दल उतरतं फक्त ५२२ रुपयांनी. शिवाय थकबाकी असताना कार्डावर नवीन काही घेतलं, अगदी औषधंसुद्धा, तर त्यावर त्याच दिवसापासून व्याज लागतं. पन्नास दिवसांची बिनव्याजी सवलत तेव्हा नसते. २००८ साली राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डाचं व्याज वर्षाला ३० टक्क्यांवर असू नये असा निर्णय दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने तो २० डिसेंबर २०२४ ला रद्द केला. म्हणजे या बाबतीत आपलं रक्षण आपल्यालाच करायचं आहे. कार्ड वापरायचं तर बँकेत ‘पूर्ण रक्कम आपोआप वळती’ अशी सूचना देऊन ठेवा. ती सूचना द्यायची छाती होत नसेल, तर ते कार्ड तुमच्या घराला झेपत नाही.

आता दुसरं काम, आणि हे मनाचं आहे. घ्यायच्या वस्तूंची यादी करा आणि तिच्यातल्या प्रत्येक मोठ्या वस्तूपुढे लिहा: ही कुणाच्या डोळ्यांसाठी? उपनगरात डोळे ठरलेले असतात. सोसायटीच्या फाटकावर गाडी वळताना बघणारे, अंधेरीच्या ऑफिसात जेवणाच्या टेबलावर फोन पालथा ठेवल्यावर मागची खूण बघणारे, मुलांना सोडायला आलेल्या पालकांच्या घोळक्यातले. यात लाजण्यासारखं काही नाही. चारचौघांत बरं दिसावं असं कुणाला वाटत नाही? पण लिहिलं की निवड करता येते. मुलाखतीला, गिऱ्हाइकासमोर जायला एक उत्तम शिवलेला शर्ट-पँटचा जोड लागतो, तो घ्याच. तिथे डोळ्यांना अर्थ आहे. ज्यांची नावंही आपल्याला माहीत नाहीत त्यांच्या डोळ्यांसाठी सात वर्षांचं कर्ज काढायचं का, हा वेगळा प्रश्न. दहा लाखांचं गाडीचं कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतलं तर हप्ता सुमारे १६,०९० आणि एकूण परतफेड साडेतेरा लाख. घरात आजारी म्हातारं माणूस आहे, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचं आहे, तर ही गाडी गरज आहे. पण दोघंही घाटकोपरहून मेट्रोने अंधेरीला जात असतील आणि गाडी आठवडाभर स्टिल्टमध्ये कापड पांघरून उभी राहणार असेल, तर मॉडेल एक पायरी खालचं घ्या, किंवा दोन वर्षं थांबा आणि तो हप्ता स्वतःच्या नावाने आवर्ती ठेवीत भरून बघा. भरवत नसेल तर कर्जाचाही भरवणार नव्हता.

याच ओघात ‘फर्स्ट कॉपी’बद्दल. स्टेशनबाहेर, गल्ल्यांत, आता इन्स्टाग्रामवरही नावाजलेल्या ब्रँडच्या हुबेहूब नकला मिळतात. हजार-दीड हजारात बूट, दोन हजारात घड्याळ. कॉलेजातली मुलं ते सर्रास घालतात. मला याचं वाईट वाटतं ते कायद्यापेक्षा वेगळ्या कारणाने. या व्यवहारात माणूस टाच, शिवण, टिकाऊपणा यातलं काहीच विकत घेत नाही. फक्त खूण विकत घेतो, आणि ती ओळखली जाईल या धास्तीत वावरतो. तेवढ्याच पैशात साध्या नावाचा, चांगल्या बांधणीचा बूट येतो. तो घालून ताठ चालता येतं.

ब्रँडला पैसे द्यावेत अशा जागाही आहेत, आणि तिथे हात आखडू नये. बोरिवली-चर्चगेट उभ्याने जाणाऱ्याच्या पायातला जोडा ही त्यांतली पहिली. साडेचार हजारांचा जोडा ६०० दिवस टिकला तर दिवसाला साडेसात रुपये. बाराशेचा दीडशे दिवसांत फाटला तर आठ रुपये, आणि टाचा दुखल्या त्या वेगळ्या. हा भागाकार प्रत्येक महाग वस्तूला लावा: किती वेळा वापरणार? आजीची पैठणी आईने नेसली, आता मुलगी नेसते, तर ती महाग नव्हतीच. एका संध्याकाळच्या स्वागत समारंभासाठी वीस हजारांची शेरवानी मात्र फार महाग आहे. ती भाड्याने आणा.

आणि ज्या खुणा खरोखर काही सांगतात त्या ओळखायला शिका. हेल्मेटवर आणि कुकरवर आयएसआय, सोन्यावर हॉलमार्कसोबतचा सहा अक्षरांचा एचयूआयडी क्रमांक, जो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो, फ्रिज-एसीवर वीजबचतीचे तारे. या खुणा मालाची हमी देतात. छातीवरचा घोडा किंवा मगर फक्त किंमत सांगते. कपड्यांच्या किमतीत तर आता सरकारनेही रेघ ओढली आहे: २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर आणि चपला-बुटांवर जीएसटी ५ टक्के, त्याहून महाग असतील तर १८ टक्के. २,४०० च्या सदऱ्यावर १२० रुपये कर, २,६०० च्या सदऱ्यावर ४६८. रेघेच्या जरा वर असलेली वस्तू उचलण्याआधी हे आठवा.

ब्रँडची सवय सगळ्यांत खोल रुतलेली असते ती औषधांत, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांच्या गोळ्या घरात महिन्यागणिक येतात. त्याच मूळ औषधाच्या जेनेरिक गोळ्या जनऔषधी केंद्रात निम्म्याहूनही कमी दरात मिळतात. ही योजना २००८ पासून चालू आहे आणि जवळचं केंद्र ‘जनऔषधी सुगम’ ॲपवर सापडतं. डॉक्टरांना चिठ्ठी दाखवून विचारा, ते हो म्हणाले तरच बदला. स्वतःच्या मनाने नको. माझ्या ओळखीच्या एका घरात याच एका बदलाने महिन्याला बाराशे रुपये वाचले. कुणाच्या अंगावरचा एक धागाही कमी झाला नाही.

मुलांचं काय करायचं, हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो. घाटकोपरला माझी मावसबहीण राहते. तिचा मुलगा दहावी झाल्यावर बारा हजारांचे बूट हवेत म्हणून बसला. ‘आई, ग्रुपमध्ये सगळ्यांकडे आहेत. मी एकटाच जुने घालून येतो.’ ती चिडली नाही, ‘आमच्या वेळी’ हे शब्दही तिने तोंडातून काढले नाहीत. तिने खर्चाची वही आणून त्याच्यापुढे ठेवली. ‘हे बघ, बाबांचा आणि माझा पगार इथे, आणि खाली हे उरतात. यातून काय काढू ते तूच सांग.’ तो बराच वेळ आकडे बघत बसला. आजोबांच्या औषधांच्या ओळीवर बोट ठेवून म्हणाला, ‘एवढे?’ मग दोघांनी ठरवलं: बुटांचे एरवी खर्च झाले असते ते साडेतीन हजार घरातून, बाकीचे त्याने जमवायचे. लहान मुलांच्या शिकवण्या घेत, वाढदिवसाचे पैसे बाजूला टाकत चार महिने गेले. सेलमध्ये तोच जोड सात हजारांना मिळाला. रविवारी सकाळी गॅलरीत बसून तो जुन्या दातांच्या ब्रशने त्यांच्या कडा घासत असतो. पालकांना माझं सांगणं एवढंच की मुलांना ‘परवडत नाही’ असं मोघम सांगू नका. त्यांना ते कमीपणाचं वाटतं. वही दाखवा. पंधरा वर्षांच्या मुलाला बेरीज-वजाबाकी कळते, आणि घरच्यांनी आपल्यावर विश्वास टाकला हेही कळतं.

तुम्ही आधीच हप्त्यांत अडकला असाल तर पहिलं पाऊल म्हणजे घरात सांगणं. एकट्याने झाकून ठेवलेलं कर्ज दुप्पट वेगाने वाढतं, कारण ते झाकायलाही पैसे लागतात. मग सगळी कर्जं व्याजाच्या दराने उतरत्या क्रमाने लिहा. वरचं बहुधा कार्ड असेल. बँकेला फोन करून ती थकबाकी कमी दराच्या हप्त्यांत बदलून मागा. कामाच्या ठिकाणी नोकरांची पतपेढी असेल तर तिथला दर विचारा. ती कार्डापेक्षा बहुधा पुष्कळ स्वस्त पडते. घरात पडून असलेल्या सोन्यावरचं कर्जही तसंच. पण जुनं फेडेपर्यंत नवं कार्ड नाही, आणि एका ॲपचं कर्ज दुसऱ्या ॲपच्या कर्जाने फेडणं तर कदापि नाही. बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तक्रारीला दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या तक्रार केंद्राचा क्रमांक १४४४८. वस्तू किंवा दुकानाबद्दल तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीतून बोलता येतं.

आणि मोकळे झालात की पहिली मोठी खरेदी म्हणून तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवा. वरच्या बोरिवलीच्या घरासाठी तो सुमारे अडीच लाख. अंधेरीतल्या ऑफिसांत नोकऱ्या कशा एका ई-मेलने जातात ते आपण सगळ्यांनी शेजारीपाजारी बघितलं आहे. तीन महिने हातात असलेला माणूस मिळेल ती पहिली नोकरी पकडत नाही, साहेबाचा अपमान गिळत नाही. हातातल्या घड्याळासारखं हे चटकन दिसत नाही, पण घरातल्यांना रोज जाणवतं.

आमच्या घरी स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. दोन हजारांच्या वरचं काहीही हवंसं वाटलं की ते तारखेसह तिथे लिहायचं, आणि तीस दिवसांनी परत बघायचं. नियम एवढाच. गेल्या जूनपासून त्यावर चौदा नोंदी झाल्या. आठ आम्ही खोडल्या. त्यांतल्या दोन नेमक्या कशासाठी लिहिल्या होत्या ते आता आम्हाला आठवतसुद्धा नाही. पाच वस्तू घेतल्या, पाचही पूर्ण पैसे देऊन. एक उरली आहे, बायकोच्या अक्षरात: ‘आईंच्या खोलीत नवा पंखा, आवाज न करणारा.’ तीस दिवस शुक्रवारी पुरे होतात. रविवारी मुलुंडच्या पाच रस्त्यावर जाऊन तो आणायचा आहे.